26 रविवारांचा हिशोब

फेब्रुवारी 2023, शनिवार, दुपारचे तीन वाजत आलेले. मालेगावकडून नाशिकला परत येताना राहूड घाट लागतो, चांदवडच्या अलीकडे, त्या घाटाच्या मध्यावर मी सायकल आडवी टाकून रस्त्याच्या कडेला बसलो होतो. मांडीत गोळे आलेले, दोनदा उलटी झालेली, बाटलीतलं पाणी संपत आलेलं आणि पायात काहीच शिल्लक नव्हतं. माझी पहिली 200 ची बीआरएम होती ती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बीआरएम म्हणजे रेस नाही, नंबर काढत नाहीत, ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत स्वतःच्या जिवावर पूर्ण करायचं, 200 किमीला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40. मधे मधे कंट्रोल म्हणजे तपासणीचे थांबे असतात, तिथे ब्रेव्हे कार्डावर शिक्का घ्यायचा आणि पुढे निघायचं. 128 किमी झाले होते, वेळ पण होता हातात, पण मी उठू शकत नव्हतो. शेवटी फोन करून डीएनएफ, म्हणजे राइड पूर्ण होत नाही, असं कळवलं, आणि एका कांद्याच्या पिकअपवाल्याने सायकल गोण्यांवर टाकून मला पिंपळगाव बसवंतपर्यंत आणून सोडलं. त्या भल्या माणसाने पैसे पण घेतले नाहीत.

मी सगळ्यांना सांगितलं ऊन लागलं. बायकोलाही तेच सांगितलं. पण मला माहीत होतं आदल्या रात्री काय झालं होतं ते. कंपनीतल्या एका सिनियरचा सेंड ऑफ होता, शुक्रवार होता, मी ठरवून गेलो होतो की उद्या राइड आहे, दोनच पेग, आणि साडेअकराला उठलो तेव्हा क्वार्टर संपली होती. साडेचारला गजर, सहाला स्टार्ट.

नंतर कधीतरी मी बसून हा हिशोब केला. आपल्याकडची व्हिस्की 42.8 टक्क्यांची असते, म्हणजे 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. लिव्हर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅमच फोडू शकतं, कॉफी प्या, लिंबू पाणी प्या, तोंड धुवा, त्याचा वेग काही वाढत नाही. म्हणजे 60 ग्रॅमला सहा ते आठ तास. म्हणजे सहा वाजता मी हेल्मेट घालून, कार्ड खिशात ठेवून स्टार्टला उभा होतो तेव्हा रक्तात थोडी दारू कदाचित शिल्लकही असेल. वर ती रात्रभर लघवीवाटे पाणी बाहेर काढते, कारण शरीरात पाणी धरून ठेवणारं जे हार्मोन असतं त्याला ती दाबते. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं म्हणजे, लांब राइडला लिव्हर थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहतं, साठा संपत आला की नवीन तयार करून देतं, पण दारू फोडण्यात गुंतलेलं असलं की हे नवीन साखर बनवायचं काम मागे पडतं. मी नाश्त्याला चहा आणि दोन बिस्किटं खाऊन निघालो होतो, कारण मळमळत होतं. घाटात जे झालं त्याला ऊन हे एक कारण होतं, पण सगळ्यात मोठं नव्हतं.

आता माझ्याबद्दल थोडं. वय 41 तेव्हा, सातपूर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, पाथर्डी फाट्याला राहतो. सायकल 2020 च्या लॉकडाऊनमध्ये घेतली, आधी मुलासाठी बघायला गेलो आणि दोन घेऊन आलो. नाशिकला सायकलचं वेड आहेच, आमच्याच शहरातले डॉक्टर महाजन बंधू 2015 ला अमेरिकेतली रॅम, ती समुद्र ते समुद्र जाणारी सायकल रेस, टीम म्हणून पूर्ण करून आले, 2017 ला नाशिकचेच लेफ्टनंट कर्नल गोकुलनाथ एकट्याने करून आले, त्यामुळे इथे पन्नाशीतला माणूस पहाटे त्र्यंबकला सायकलवर जाऊन आला तर कोणी वळून बघत नाही. मी पण त्या वातावरणात ओढला गेलो. त्र्यंबक, मग इगतपुरी, मग कसाऱ्यापर्यंत, मग वणी.

आणि प्यायचं म्हणाल तर दर शनिवारी. आमची पाच जणांची बैठक, गेली बारा-तेरा वर्षं. एकाच्या गच्चीवर नाहीतर ठरलेल्या परमिट रूमला, शेंगदाणे, मसाला पापड, उकडलेली अंडी, साडेआठला सुरू आणि साडेअकराला बंद. मधल्या दिवशी नाही, घरी नाही, भांडण नाही, उधारी नाही. कोणी विचारलं असतं की तुला दारूचा प्रॉब्लेम आहे का, तर मी मनापासून नाही म्हणालो असतो, आणि आजही मला वाटतं ज्याला व्यसन म्हणतात ते मला नव्हतं. म्हणूनच इतकी वर्षं ते दिसलं नाही. माणूस दारूचं नुकसान लिव्हरमध्ये नाहीतर संसारात शोधतो, तिथे सापडलं नाही की विषय संपला. माझं नुकसान भलतीकडेच होत होतं.

ते कळलं जूनच्या शेवटी, राइडची नोंद ठेवणारं स्ट्राव्हा अ‍ॅप बघताना. जानेवारी ते जून 2023 मध्ये 26 रविवार होते. त्यातल्या 11 रविवारी मी सायकल काढलेली. बाकीचे 15 मी आठवून आठवून लिहिले, दोन लग्नं, एकदा ताप, एकदा मुलाची परीक्षा, आणि उरलेले 11 रविवार, अकरा, शनिवारच्या बैठकीत गेले. नोकरी करणाऱ्याला लांब राइड रविवारीच करता येते, मंगळवार-गुरुवारी पहाटे तासभर होते तेवढीच, आणि दम जो वाढतो तो चार-पाच तास सलग पेडल मारून वाढतो. मी आठवडाभर डाएट करायचो, महागातली प्रोटीन पावडर आणायचो, सायकलचं 300 ग्रॅम वजन कमी करायला सीट बदलली, आणि ज्या एका दिवसावर सगळं उभं होतं तोच दिवस दर दुसऱ्या आठवड्याला घालवत होतो. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

ज्या 11 रविवारी सायकल काढली होती तेही पूर्ण नव्हते. हातात गार्मिनचं घड्याळ होतं. माझा झोपेतला पल्स एरवी 64-65 असायचा, शनिवारी प्यायलो की रविवारी पहाटे 76-78 दाखवायचा. म्हणजे मी घोरत पडलेलो आणि हृदय रात्रभर जिना चढल्यासारखं चालू. दारूने झोप पटकन लागते हे खरं, पहिले दोन-तीन तास माणूस ओंडक्यासारखा पडतो, पण ती उतरायला लागली की पहाटेची झोप तुकड्या तुकड्याची होते आणि स्वप्नांची जी झोप असते ती कमी होते. सात तास झोपून उठलो तरी अंग जड का, याचं उत्तर मला तोवर माहीत नव्हतं.

सुरुवात करायला मी श्रावण निवडला. आपल्याकडे श्रावण पाळतो म्हटलं की कोणी जास्त प्रश्न विचारत नाही, ही फार मोठी सोय आहे. आणि 2023 ला अधिक श्रावण आला होता, म्हणजे 18 जुलैला अधिक सुरू, मग निज श्रावण सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, जवळजवळ साठ दिवस, त्याला लागून गणपती. बैठकीत सगळे हळहळत होते की यंदा दोन महिने कसे काढायचे, मला मनातून बरं वाटत होतं. 17 जुलैला सोमवारी अमावस्या होती म्हणून आमची गटारी 16 तारखेला रविवारी झाली. मी गेलो, प्यायलो पण, आणि तिथेच जाहीर केलं की मी अनंत चतुर्दशीपर्यंत बंद. माझ्या शेजारी माझा शाळेपासूनचा मित्र बसला होता, त्याचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणलं तू पण सोड, एकदम सोड, बघू कोण टिकतं. तो म्हणाला चल, मी पण.

हे लिहिताना मला आजही कसंतरी होतं. तो शनिवारचा पिणारा नव्हता. तो रोज पीत होता, आठ-नऊ वर्षं, रोज एक क्वार्टर, कधी जास्त, आणि आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं. बुधवारी संध्याकाळी त्याच्या बायकोचा फोन आला, भाऊजी जरा लवकर या. गेलो तर हा घामाने भिजलेला, हात असे थरथरतायत की पाण्याचा ग्लास तोंडाला लागेना, आणि भिंतीवर मुंग्या चढतायत म्हणून सारखा हात झटकतोय. भिंत पांढरी स्वच्छ होती. आम्ही त्याला उचलून हॉस्पिटलला नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, रोज किती घ्यायचे आणि बंद कधी केली. मग आम्हाला बाहेर घेऊन नीट समजावलं की रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर दोन-तीन दिवसांत असं होऊ शकतं, फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, आणि वेळेवर उपचार नाही मिळाले तर माणूस जाऊही शकतो, याला औषधं देऊन देखरेखीखालीच बंद करायची असते. झोपेची इंजेक्शनं, सलाइन, बी वन व्हिटॅमिन, पाच दिवस ठेवलं त्याला.

म्हणून जो कोणी हे वाचून जोशात येईल त्याला हात जोडून सांगतो. तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कोणी रोज घेत असेल, सकाळी हात थरथरत असतील, तर माझ्यासारखं तारीख ठरवून एका रात्रीत सोडू नका, आधी डॉक्टरकडे जा. पुण्यात मुक्तांगण 1986 पासून हेच काम करतंय, सरकारी दवाखान्यातही मानसोपचार विभाग असतो, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंग गावोगाव होतात आणि फुकट असतात. पैज लावायची ही गोष्ट नाही आणि मी ती लावली होती.

माझं स्वतःचं शरीर म्हणाल तर काही थरथर वगैरे झाली नाही, पण लोक लिहितात तसं आठवड्यात चेहरा उजळला, ताकद आली, असलंही काही झालं नाही. पहिले दोन आठवडे तर उलट वाईट गेले. शनिवारी रात्री झोपच येईना, बारा-साडेबारापर्यंत टक्क जागा. चिडचिड. आणि गोड खायची इतकी प्रचंड इच्छा की मी आयुष्यात कधी जिलेबीसाठी गाडी थांबवली नव्हती ती आठवड्यात तीनदा थांबवली. महिनाभरात वजन 84 चं 83.5 झालं फक्त. मला वाटलेलं की एका क्वार्टरचे सव्वाचारशे कॅलरी, वर पापड शेंगदाणे अंडी, वर बारा वाजता बिर्याणी, हे सगळं वाचलं म्हणजे धडाधड वजन उतरेल, पण ते जिलेबीने भरून काढलं. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून गोडाची ओढ आपोआप कमी झाली, मग उतरायला लागलं, डिसेंबरपर्यंत 77.

खरं अवघड होतं ते शनिवारी साडेआठ ते साडेअकरा हे तीन तास. नुसती दारू नव्हती तिथे, तेरा वर्षांची सवय होती, मित्र होते, आठवड्यात एवढीच वेळ होती जेव्हा कोणी मशीन बंद पडलं म्हणून फोन करत नव्हतं. पहिल्या दोन शनिवारी मी घरीच बसलो आणि मला अक्षरशः एकटं वाटलं. तिसऱ्या शनिवारी जाऊन लिंबू सोडा घेऊन बसलो, दहापर्यंत मजा आली, दहानंतर तेच ते बोलणं चौथ्यांदा व्हायला लागलं आणि मी उठून आलो. मग तेच ठरवून टाकलं, जायचं, दहाला उठायचं. घरी येऊन चेन पुसायची, हवा चेक करायची, बाटल्या भरायच्या, लाइट चार्जिंगला लावायचे, कपडे खुर्चीवर काढून ठेवायचे, साडेदहाला आडवं व्हायचं. हाताला काम लागलं की ते तीन तास हलके झाले. बायको एकदा नुसतं एवढंच म्हणाली की शनिवारी दार उघडायला जागं राहावं लागत नाही आता. त्या एका वाक्याने मला जे झालं ते कुठल्याच रिपोर्टने झालं नाही.

लोकांचं बोलणं मात्र ऐकावं लागलं. श्रावणात कोणी काही म्हणालं नाही, गणपतीतही नाही, पण 28 सप्टेंबरला विसर्जन झालं आणि 30 ला शनिवारी मी परत लिंबू सोडा मागवला तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. काय भो, माळ घातली का. डॉक्टरने सांगितलं का. वहिनीने सांगितलं का. मी सुरुवातीला खोटं बोललो, अँटिबायोटिक चालू आहे म्हणून सांगितलं, दोन आठवडे ते चाललं. मग कंपनीच्या एका पार्टीत एका व्हेंडरने जबरदस्तीने ग्लास हातात दिला तेव्हा मी सरळ म्हणलं, मला जानेवारीत 200 पूर्ण करायची आहे आणि प्यायलो की मला रविवारी सायकल चालवता येत नाही. बस. त्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. धर्म, तब्येत, बायको यातलं कुठलंही कारण दिलं की लोक त्यावर वाद घालतात, पण मला अमुक एक करायचंय आणि हे त्याच्या आड येतं म्हटलं की समोरचा थांबतो, निदान माझ्या अनुभवात तरी.

एक वाद मात्र जवळजवळ प्रत्येक ठिकाणी झाला, की दोन पेग हार्टला चांगले असतात. हे मी स्वतः पण वर्षानुवर्षं म्हणत आलो होतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्टच सांगितलं की आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येईल असं दारूचं प्रमाण नाही, आणि त्यांच्याच कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेने 1988 मध्येच दारूला कॅन्सर होतो हे पक्कं असलेल्या गोष्टींच्या यादीत टाकलंय, तंबाखू आहे त्याच गटात. सायकलवाल्यांमध्ये दुसरा एक समज आहे, राइड झाल्यावर बिअर म्हणजे रिकव्हरी. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आठ व्यायाम करणाऱ्या पुरुषांवर हे तपासलं होतं, कसून व्यायाम करायला लावून मग भरपूर दारू दिली, तर प्रोटीन सोबत देऊनही स्नायूंची डागडुजी 24 टक्क्यांनी कमी झाली, आणि प्रोटीन न देता 37 टक्क्यांनी. त्यांनी दिलेला डोस फार मोठा होता हे पण सांगायला पाहिजे, एका बिअरला तोच आकडा लावता येणार नाही. पण माझी शनिवारची रात्र एका बिअरची कधीच नव्हती.

फरक कळला तो गडावर. वणीच्या पुढे नांदुरीपासून सप्तशृंगी गडावर जो घाट चढतो तो दहाएक किलोमीटरचा आहे, आमच्याकडे सगळे आपला दम त्याच घाटावर मोजतात. मे महिन्यात मला 1 तास 14 मिनिटं लागली होती, दोनदा पाय टेकवून. ऑगस्टच्या मध्याला गेलो, महिना झाला होता सोडून, 1 तास 11. मी नाराज झालो, घरी येऊन म्हणलं काही उपयोग नाही. नवरात्रीच्या आधी परत गेलो, ऑक्टोबरचा पहिला रविवार, पायी जाणारे भाविक रस्त्याने दिसायला लागले होते, हवा छान होती, मी घड्याळाकडे न बघता चढत राहिलो आणि वर पोचून बटण दाबलं तर 58 मिनिटं. पाय कुठेच टेकवला नव्हता. मी देवीच्या पायऱ्यांपाशी सायकल लावून बराच वेळ नुसता बसून राहिलो.

आता हे फक्त दारू सोडल्याने झालं असं मी म्हणणार नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये मी आधीच्या दुप्पट किलोमीटर केले होते. पण ते किलोमीटर झाले कारण रविवार होता. जुलै ते डिसेंबर 27 रविवार होते, त्यातले 23 मी सायकलवर होतो. एक गेला 26 नोव्हेंबरचा, त्या दिवशी अवकाळी आली आणि निफाडकडे गारांनी द्राक्षबागा झोपवल्या, त्या दिवशी सायकलचं कोणाला सुचत होतं. झोपेतला पल्स ऑक्टोबरात 58 वर आला, डिसेंबरात 56. डिसेंबरात रक्त तपासलं, लिव्हरचा एसजीपीटी आधी 71 होता तो 33, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड 238 वरून 149. गंमत म्हणजे मला आधी कधी काही त्रासच नव्हता, त्यामुळे हे आकडे वाढलेले आहेत हेच मी कधी मनावर घेतलं नव्हतं, कंपनीच्या वार्षिक तपासणीचा कागद तसाच फाइलला लागायचा.

जानेवारी 2024 ला परत तीच 200 केली, तोच रस्ता. आदल्या रात्री वरण भात, नऊला झोप. राहूड घाट आला तेव्हा दीड वाजला होता, मी ज्या ठिकाणी बसलो होतो ती जागा मी ओळखली, तिथे एक मोडका कठडा आहे. थांबलो नाही. 11 तास 40 मिनिटांत नाशिक.

मधे एकदा मोडलं पण. मार्च 2024 ला चुलत भावाच्या लग्नात, हळदीच्या रात्री, तीन पेग घेतले. कोणी जबरदस्ती केली नव्हती, मलाच वाटलं आता आठ महिने झाले, आता काय. दुसऱ्या दिवशी पल्स 74. डोकं दुखणं वगैरे जाऊ दे, मला दोन दिवस एक मलूल उदासी होती जी आधी दर रविवारी असायची आणि मी तिला सोमवारचं टेन्शन समजायचो. म्हणजे ती उदासी पण दारूचीच होती, बारा-तेरा वर्षं. ते कळल्यापासून मला परत हात लावावासा वाटला नाही.

मित्राचं सांगायचं राहिलं. हॉस्पिटलमधून तो व्यसनमुक्ती केंद्रात गेला, महिनाभर राहिला, दिवाळीत परत प्यायला, परत गेला. 2024 च्या फेब्रुवारीपासून बंद आहे, दर गुरुवारी मीटिंगला जातो, चुकवत नाही. तो सायकल चालवत नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे त्याचं. मी त्याची माफी मागितली होती त्या पैजेबद्दल, तर तो म्हणाला तू पैज लावली नसतीस तर मी डॉक्टरसमोर कधी बसलोच नसतो. मला ते पटलेलं नाही, पण तो तसं म्हणतो.

मागच्या डिसेंबरात मी 300 केली. धुळ्याच्या अलीकडून वळून परत यायचं, वेळ 20 तास. रात्री साडेआठला 236 किमीवर चांदवडचा कंट्रोल, थंडी चांगलीच पडलेली, बोटं ब्रेकवर वळत नव्हती. कंट्रोलच्या बाहेर रस्त्यात कोणाची मदत घेतलेली चालत नाही, हे मी त्या मित्राला कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं, तर हा माणूस बरोबर कंट्रोलच्या दारात, कानटोपी घालून, बायकोला घेऊन, थर्मासमध्ये चहा आणि डब्यात तूप लावलेली पुरणपोळी घेऊन उभा. शनिवार होता. आठ साडेआठची वेळ, आम्ही तेरा वर्षं ज्या वेळेला बसलो तीच. त्याने चहा ओतून माझ्या हातात दिला, त्याचा हात अगदी स्थिर होता, एक थेंब सांडला नाही. मी कार्डावर शिक्का घेतला, अर्धी पोळी तोंडात आणि अर्धी खिशात. तो म्हणाला बसू नको, गार पडशील, निघ. वडाळीभोईच्या पुढे थंडी अजून वाढेल म्हणून त्याने स्वतःचा मफलर काढून माझ्या गळ्यात घातला आणि मी निघालो.